माळ राखण्याच्या नोंदी : करमाळा तालुका, अकरा एकर

१२ मे २०२३

वाटणीचा विषय मिटला. चौदा एकरांतलं विहिरीजवळचं तीन एकर ज्वारीला राहील, वरचं अकरा एकर मुरमाड रान माळ म्हणून राखायचं. दादाने सही केली. आत्याने हक्कसोडपत्र मागेच दिलं होतं. आण्णा एवढंच म्हणाले, "तिथं हुलगा-मटकीशिवाय कधी काय पिकलंय? हरणानं खाल्लं काय, आपण खाल्लं काय." त्यांच्याकडून होकार असाच येतो.

वहीच्या पहिल्या पानावर उद्देश लिहिला : काळवीट, लांडगा, खोकड आणि जमिनीवर घरटं करणारी पाखरं यांना वर्षभर हक्काची जागा राहावी, आणि गवतातून रानाचा खर्च निघावा. दुसरा भाग दादाने घालायला लावला.

२० मे २०२३

रान पायी फिरून तीन तुकडे पाडले.

वरचा, चार एकर. इथे नांगर कधीच लागला नाही. खडकावर वीतभर माती, तिच्यात पवना, शेडा, थोडा मारवेल. खरा ठेवा हाच.

मधला, पाच एकर. आण्णांनी बाजरी बंद केल्यापासून पडून आहे. कुसळी, गाजर गवत, मधूनच तरवड.

ओढ्याकडचा, दोन एकर. सगळी वेडी बाभूळ, माणूस आत शिरत नाही.

एकदा नांगरलेल्या रानात कुसळी लगेच येते, पवना-शेडा मात्र सहजी परतत नाही. म्हणून वरच्या तुकड्यात फावडंही लावायचं नाही. खणण्या-लावण्याची जी काही कामं करायची ती मधल्या आणि खालच्या तुकड्यात.

५ जून २०२३

तलाठी भाऊसाहेबांकडे जाऊन आले. काळजी एकच होती, सातबाऱ्यावर 'पड' लागू नये. जमीन सलग दोन वर्षं कसली नाही तर शासन तिचं व्यवस्थापन हातात घेऊ शकतं, अशी तरतूद कुळकायद्यात आहे. आमच्याकडे ती कुणावर लागल्याचं ऐकलं नाही, पण भाऊबंदकी पेटली की लोक कुठलं कलम उकरतील सांगता येत नाही. गंमत म्हणजे त्याच कायद्याने केलेल्या शेतीच्या व्याख्येत गवत वाढवणं येतं, आणि शेतकऱ्याने आपली जमीन चराईसाठी वापरणंही येतं. म्हणजे आम्ही जे करणार आहोत ती कायद्याने शेतीच आहे. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, ई-पीक पाहणीत गवत लावा, फोटो टाका, विषय संपला."

तिथूनच वनखात्याच्या कार्यालयात गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं, कलम ३६सी. मालकाची स्वतःची तयारी असेल तर खासगी जमिनीलाही ते लागू होतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा खासगी क्षेत्राच्या समितीत जमिनीचा मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी असतात. हे वाचायला चांगलं वाटतं. पण एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. दादा म्हणाला, "आपल्या मागं पोरांच्या हातात काय राहील?" प्रश्न रास्त आहे. पाच वर्षं घरगुती करारावर चालवायचं, अर्जाचं नंतर बघू, असं ठरलं. माझं स्वतःचं मत अर्ज करावा असं आहे, पण एकटीच्या मताने राखलेली जमीन माझ्यामागे टिकणार नाही.

२ जुलै २०२३

ग्रामसभेत विषय मांडला, आणि 'अभयारण्य' हा शब्द कुणीतरी उच्चारताच सभा तापली.

तापणारच. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा असे तालुके त्यात आले. माणसांची शेतं, वस्त्या, गावठाणं, सगळं नकाशात. खरेदी-विक्री अडली, बिगरशेती अडली, आणि शिव्या मिळाल्या त्या पक्ष्याला. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोकच फारसा राहिला नव्हता. आज सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या चरला त्याला विचारलंच नाही, सगळं तिथेच बिघडलं, असं मला वाटतं.

सभेत तीन गोष्टी सांगितल्या. आमच्या जमिनीला कुठलाही सरकारी शिक्का नाही. वहिवाटीची पाऊलवाट मोकळी राहील. गवत गावातल्या माणसाला आधी मिळेल. शेजारचे तात्या मागून बोलले, "आणि हरणं आमच्या हरभऱ्यात आली की?" याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. इतिवृत्तात प्रश्न तेवढा लिहून घेतला.

१५ ऑगस्ट २०२३

झेंडावंदनानंतर सरपंचांनी हात धरून सांगितलं, पाचशे रोपं देतो, माळावर लावा, फोटो काढू. २०१९ च्या तेहेतीस कोटी वृक्षलागवडीपासून सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय, मोकळा माळ दिसला की खड्डा खणायचा. गवताळ रान सरकारदरबारी 'पडीक' म्हणूनच मोजलं जातं, त्यामुळे त्यावर गिरिपुष्प लावा, सलग समतल चर खणा, सोलर टाका, कुणाला काही वाटत नाही. चर खणताना जेसीबी जी माती उलटी करतो तिच्यात कित्येक वर्षांचं पवन्याचं खोड असतं. आणि माळावर झाडं उभी राहिली की कावळा, ससाणा, शिक्रा यांना टेहळणीला जागा होते. चंडोल, धाविक, माळटिटवी अशी उघड्यावर अंडी घालणारी पाखरं मग तिथून उठतात.

सरपंचांना म्हटलं, पाचशे रोपं शाळेला आणि स्मशानभूमीला द्या, मी स्वतः पाणी घालायला येते. शाळेला गेली.

६ नोव्हेंबर २०२३

पाऊस गेला तो गेलाच. ३१ ऑक्टोबरला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात करमाळा आहे. आण्णा बहात्तरच्या गोष्टी सांगायला लागलेत.

गवत गुडघ्याएवढंही नाही, तरी मागणारे रोज दारात. मधला तुकडा अर्धेलीने दिला : कापणाऱ्याची निम्मी पेंढी, आमची निम्मी. विळ्यानेच कापायचं, यंत्र लावायचं नाही. यंत्र बुडखा खरवडतं आणि लपलेला ससा किंवा साप त्याला दिसत नाही. फुरसं इथे भरपूर आहे, म्हणून बायांनी बूट घातल्याशिवाय कापणीला उतरायचं नाही ही अट वहिनीने घातली आणि स्वतः जुने बूट गोळा केले.

वरच्या तुकड्यात कापणी सुरू झाली त्या संध्याकाळी बायाच म्हणाल्या, "ताई, घारी गवतात उतरत्यात." घारी नव्हेत, भोवत्या, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी. सूर्य मावळताना चारी बाजूंनी सखल उडत आले, घिरट्या घातल्या आणि एकेक करून गवतात बसले, थेट जमिनीवर. हे पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यात येतात आणि रात्री झाडावर न बसता उभ्या गवतात घोळक्याने मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर जागा पाहिली. गवत बशीएवढं दबलेलं, कडेला पांढरी विष्ठा, आणि करंगळीच्या पेराएवढ्या राखाडी गोळ्या, न पचलेलं उलटून टाकलेलं. एक गोळी हातावर चुरली. तीत नाकतोड्यांच्या मागच्या तंगड्या, चकचकीत पाठी, थोडे केस आणि उंदराचा पिवळसर दात. रात्रभर गवतात झोपणारा हा पाहुणा दिवसभर तात्यांच्या तुरीतले नाकतोडे खातो, हे तात्यांना दाखवायला दोन गोळ्या काड्यापेटीत ठेवल्या.

वरच्या तुकड्यातली कापणी तिथेच थांबवली. दीड एकराचा मुक्कामाचा पट्टा मार्चअखेरपर्यंत उभा राहील, असं वहीत लिहिलं.

१९ जानेवारी २०२४

मेंढक्यांचा वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, मधल्या तुकड्यात बसला आहे. मेंढ्या बसवण्याचे पैसे आम्हीच द्यायचे, ही पद्धत जुनीच. लेंडीखत मिळतं, खुरांनी बी मातीत दाबलं जातं.

पहाटे लांडग्याने एक कोकरू नेलं. ओढ्याच्या वाळूत पाय उमटलेत, कुत्र्यापेक्षा लांबट, पंजे सरळ रेषेत. मेंढके मामा शांत होते. "त्याचं बी पोट हाय. पर रोज यायला लागला तर मी बी गप बसणार न्हाय." भरपाईचा अर्ज करायला ते तयार नव्हते, कागद कोण करणार म्हणून. मी बसून अर्ज लिहिला. ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, मग पंचनामा होतो. मिळते ती बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यातली जी कमी असेल ती. वनरक्षक दुसऱ्या दिवशी आले हे विशेष. पैसे कधी येतील ते लिहीत नाही.

गावात मात्र 'वाघ आला' अशी आवई. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली होती, ती भीती अजून अंगात आहे आणि ती खोटी नाही. पण बिबट्या राहतो उसात. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, उसामागून बिबट्या आला. गुडघाभर गवताच्या उघड्या माळावर त्याला लपायला जागा नाही. शाळेच्या पालकसभेत हेच पुन्हा सांगायचं आहे.

१० मार्च २०२४

जाळरेषा काढली. बांधाच्या आतून दहा फूट रुंद पट्टा, गवत खुरपून आणि सकाळी वारा पडलेला असताना जाळून. मजुरी अपेक्षेपेक्षा जास्त गेली.

खालच्या तुकड्यात वेडी बाभूळ काढणं चालू. वरून तोडली तर दुपटीने फुटते, म्हणून बुंध्याभोवती हातभर खणून खोडाची गाठच काढावी लागते. लाकूड वीटभट्टीवाल्याने नेलं. एका वर्षात सगळी काढायची नाही. खोकडाचं बीळ त्यातच आहे आणि काळविटांना एप्रिलमध्ये सावली दुसरी कुठली नाही.

रात्री कुणीतरी ओढ्याच्या काठचा मुरूम उचलला. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट नव्या रस्त्याच्या कामावर जातात. तहसीलला अर्ज दिला, पोच घेतली. वाटेवर दोन मोठे दगड आडवे टाकून घेतले, त्याचा उपयोग अर्जापेक्षा जास्त झाला.

२८ एप्रिल २०२४

उजनी धरण उण्यात, म्हणजे उपयुक्त साठाही संपलेला. पाणवठा बांधावा का, यावर घरात आठवडाभर चर्चा. मी विरोधात होते : पाण्याजवळ गावची कुत्री येतात आणि तहानलेलं हरीण आयतं सापडतं. दादाचं म्हणणं, पाणी नसेल तर हरणं तात्यांच्या विहिरीवर जातील आणि पडतील. त्याचं खरं होतं. जमिनीच्या पातळीला, उथळ, उतरत्या काठाचं सिमेंटचं ताट केलं, पण बाभळीपासून दूर, चारी बाजूंनी नजर जाईल असं उघड्यावर. टँकरच्या पाण्यातून दोन घागरी रोज. वाटेकरी पहिल्या आठवड्यात फक्त मधमाश्या आणि पखुर्ड्या.

मधल्या तुकड्यात माळटिटवीची चार अंडी. घरटं म्हणजे मुरमात टाचेने केल्यासारखा खळगा, कडेला बारीक खडे. अंड्यांवरचे डाग इतके मुरमासारखे की नजर हटवली की पुन्हा सापडत नाहीत. मादी पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली, भर दुपारी अंडी गार ठेवायला. मेंढके मामांना फोन करून सांगितलं, वाडा दहा दिवस बांधापलीकडे बसवा.

२१ जुलै २०२४

पाऊस यंदा मन लावून पडतोय. कुसळी हातभर वाढली.

कुसळीचं गणित सोडवायचं आहे. ओल लागली की तिचं कुसळ पिळासारखं फिरतं आणि बी आपोआप मातीत शिरतं. तसंच ते मेंढीच्या लोकरीतून कातडीतही शिरतं, म्हणून भरल्या कुसळीत मेंढका कळप घालत नाही. फुलोऱ्याआधी चारली तर ती मागे हटते आणि मारवेलला जागा होते. पण तेव्हाच लाव्यांची आणि चंडोलांची घरटी असतात. तोडगा असा काढला : मधल्या तुकड्याच्या दोन फाळण्या, एका वर्षी एकीत जुलैची चराई, दुसरी बंद. पुढच्या वर्षी उलट. मारवेलची ठोंबं वरच्या तुकड्याच्या कडेची, आपलीच लावली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे सुधारित मारवेलचे वाण चाऱ्याला उत्तम आहेत, दादाने ते विहिरीजवळच्या बांधावर लावले. माळावर माळाचंच.

१७ नोव्हेंबर २०२४

तात्या सकाळीच आले. हरभऱ्याचे शेंडे रात्रीत खुडलेले, चार ओळी. माझ्या दोन वर्षांच्या सगळ्या पुण्याईपुढे त्यांच्या चार ओळी भारी आहेत, आणि ते बरोबर बोलत होते : "तुझ्या माळावर ती निवांत बसत्यात, जेवायला माझ्याकडं."

कुंपणाच्या तारेत विजेचा झटका देणारं झटका मशीन त्यांना नको, लाईट रात्रीची नसते. नुकसानभरपाईचा अर्ज भरला, पण त्याने यंदाचा हरभरा वाचत नाही. मग आण्णांनी त्यांच्या काळातली गोष्ट काढली : हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या कडेने करडईचे चार-सहा तास, म्हणजे ओळी. करडईला काटे आले की जनावर तोंड घालत नाही. आता सगळीकडे सोयाबीन आणि ऊस, करडई कोण पेरतंय. यंदा तिची वेळ टळली होती, म्हणून बांधावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचून दिल्या. पुढच्या वर्षी करडईचं बी आम्ही देणार, तेल निम्मं-निम्मं.

काड्यापेटीतल्या गोळ्याही आज दाखवल्या. तात्यांनी चष्मा लावून पाहिल्या, "बरं," म्हणाले.

९ फेब्रुवारी २०२५

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावातल्या आणि वस्त्यांवरच्या कुत्र्यांना लस, रेबीज आणि डिस्टेंपर दोन्ही. माळावरचा सगळ्यात मोठा धोका मला विचाराल तर शिकारी नाही, मोकाट कुत्री आहेत. टिटवीची पिल्लं खातात, पाडस दमवून मारतात, लांडग्यांना रोग देतात. पुण्याजवळ तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. नसबंदीसाठी पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तसाच आहे.

२६ सप्टेंबर २०२५

सीनेला कुणी पाहिला नव्हता असा पूर. आमचा माळ उंचावर, आम्हाला काही झालं नाही, पण सीनाकाठच्या गावांत कडब्याच्या गंजी वाहून गेल्या, उभा ऊस आडवा झाला, जनावरं दावणीला मेली. वहिनीच्या माहेरच्यांनी म्हशी आमच्या अंगणात आणून बांधल्या आहेत.

सरपंच आणि चार पोरं आली : सगळं गवत द्या, आजच कापतो.

पवना अजून हिरवा आहे, बी धरायला महिना आहे. आत्ता कापला तर या वर्षीचं बी गेलं. भोवत्यांचं येणंही याच दिवसांत सुरू होतं. हे सगळं मला माहीत आहे, आणि अंगणात म्हशी हंबरतायत. रात्री घरात बरीच वादावादी झाली. मी वरचा तुकडा पूर्ण बंद ठेवायच्या बाजूने होते, दादा पूर्ण उघडायच्या. शेवटी वहिनीने ठरवलं, आणि तिचे माहेरचेच पुरात असल्यामुळे तिच्यापुढे कुणी बोललं नाही : मधला तुकडा पाचही एकर उद्यापासून, चराईच्या फाळण्या यंदा विसरायच्या. वरच्यातलं अडीच एकर १५ ऑक्टोबरनंतर, तेव्हाही गरज असली तर. मुक्कामाच्या दीड एकराला हात लावायचा नाही.

२ नोव्हेंबर २०२५

वरच्या अडीच एकरांतलं एक एकर कापावं लागलं, बाकीच्याने बी धरलं. भोवत्या पट्ट्यात उतरतायत. तात्यांच्या हरभऱ्याभोवती करडई चांगली उगवली आहे, सहा तास.

पूरग्रस्त गावांना गेलेल्या पेंढ्यांचे पैसे घेतले नाहीत. त्यामुळे मार्चमधल्या जाळरेषेची मजुरी गवतातून निघणार नाही, ज्वारीतून द्यावी लागेल. दादाला अजून सांगितलेलं नाही.